उघाडीवाल्याचा राजीनामा

त्या आषाढात कांदळखारीची भातजमीन या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी झाली. बायजाबाईचं खाचर तेवढं राहिलं. तिथली रोपं शेंड्याकडून जळत खाली आली होती. आधी पिवळी, मग विटकरी, आणि अखेरीस जुन्या केरसुणीच्या हिरांसारखी करडी. दोन दिवस उघडीप मिळाली की चिखलावर पांढरी साय धरायची. खारं पाणी शेतात शिरलं, की परतताना अशी आपली सही ठेवून जातं.

जनू रोज त्याच खाचराच्या बांधावरून उघाडीकडे जायचा. जवळची दुसरी वाट होती. महिनाभरात त्या वाटेवर त्याने पाऊल टाकलं नव्हतं.

गावची सारी भातजमीन खाडीच्या भरतीहून खालच्या पातळीवर. मध्ये मातीचा बांध, आणि त्या बांधात काळ्या दगडाने बांधलेली दोन दारं. तीच उघाडी. भरती चढू लागली की दारांच्या दगडी खाचांत फळ्या सोडायच्या, म्हणजे खाडी बाहेर राहते. ओहोटी लागून बाहेरचं पाणी आतल्या पाण्याच्या खाली गेलं की त्या उपसायच्या, म्हणजे शेतात साठलेला पाऊस वाहून जातो. दिवसरात्रीत दोनदा सोडायच्या, दोनदा उपसायच्या, आणि वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकत जाणार. एकतीस वर्षं जनू चंद्राच्या हिशेबाने झोपला होता आणि चंद्राच्याच हिशेबाने उठला होता. त्याच्या आधी त्याचा बाप हिराजी. पीक निघालं की घरटी दोन पायली भात, हा त्याचा मोबदला. भिजून फुगलेल्या फळ्या ओढून ओढून त्याचा उजवा खांदा डाव्याहून खाली उतरला होता, आणि तळहाताच्या रेषांत शेवाळ असं बसलं होतं की साबणाने हात पांढरे होत, रेषा हिरव्याच राहत.

बायजाबाई त्या जळक्या खाचरात वाकून नवी रोपं खोवत होती. साठी ओलांडलेली, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली बाई.

"रोपं कुणाची, वयनी?"

"जमालचाचाच्या घरची. त्यांची उरली व्हती, आमनाने काढून दिली."

"लागतील?"

"लागली तर लागली." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तू काय रोज इथं येऊन उभा राहतोस रे जनू? तू बघितलंस म्हणून उठणार हायत व्हय ती?"

जनूने बांधावरची सुटी माती टाचेने दाबली.

"हौसा कशी हाय?"

"बरी हाय."

"बरी हाय तर मशीनवर कशाला घालतात?" असं म्हणून ती पुन्हा वाकली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर जनूला सोपं गेलं असतं.

झालं होतं ते असं. लावणी आटोपली त्याच आठवड्यात जनूची बायको हौसा मडकं उतरवताना चुलीपुढे कोसळली. रोह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या थकल्या आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी चार चार तास मशीनवर रक्त धुवावं लागेल. मानेत नळी बसवली. त्या दोन दिवसांसाठी जनूने उघाडी आपल्या पुतण्याच्या, हितेशच्या हवाली केली. हितेश अठ्ठावीस वर्षांचा, डोलवीच्या कारखान्यात कंत्राटी कामावर. मन लावून काम करणारा. शिफ्ट सुटल्यावर तो वेळेवर उघाडीवर आला, मोबाईलमध्ये भरतीची वेळ पाहिली, आणि त्या हिशेबाने फळ्या उपसल्या. मोबाईलमधली वेळ मुंबईच्या बंदराची होती. या खाडीत पाणी आत चढून यायला आणि उतरून जायला अर्धा तास जास्त घेतं, हे गावात कोणी कोणाला सांगत नसे. ते माहीतच असायचं. बाहेरचं पाणी अजून आतल्यापेक्षा हातभर वर होतं. ते शेतात घुसलं, आणि त्या लोंढ्यात फळी पुन्हा खाचेत बसेना. हितेशने छाती लावली, फळी त्याच्या हातातून गेली, आणि दारासमोरच पहिलं होतं ते बायजाबाईचं खाचर.

तेव्हापासून हौसा उपचाराला जायची ती लेकीबरोबर. ऋतुजा रोह्याच्या एका कंपनीत होती. वरसे गावात खोली घेऊन राहायची. सुटी टाकून ती आईला न्यायला यायची, आणून सोडायची. श्रावण जवळ आला तशी तिची सुटी संपत आली. डॉक्टरांनी नळीची पट्टी बदलताना बजावलं होतं: चिखल, पाऊस, खाचखळग्यांचा प्रवास यांपैकी काही चालणार नाही. नळीत जंतू गेले तर मशीनही वाचवू शकणार नाही. बाईंना इथेच, रोह्यात ठेवा, आणि उशाशी चोवीस तास कोणीतरी हवं.

कोणीतरी म्हणजे जनू. दुसरं कोणी नव्हतंच.

*

"असं एका दिवसात काम सोडून नाय निघत, बाबा," ऋतुजा म्हणाली. कंपनीत ती माणसांच्या येण्याजाण्याचेच कागद सांभाळायची. "नोटीस द्यायची असते. कामाचा ताबा नीट द्यायचा असतो. मग माणूस मानाने बाहेर पडतो. मागून कोणी बोट दाखवत नाय."

दिव्यांच्या अमावास्येचा दिवस होता. पडवीत ती फुलस्केप कागद मांडीवर घेऊन बसली. हौसा खाटेवर, मानेला पांढरी पट्टी, पाय सुजून चकचकीत झालेले. जनू उंबऱ्यावर.

"प्रति... कोणाला?"

"काय कुणाला?"

"पत्र कोणाला लिहायचं? तुम्ही रिपोर्ट कोणाला करता?"

"भरतीला," जनू म्हणाला.

हौसा हसली, आणि हसता हसता तिने मानेवर हात दाबून धरला. हसलं की नळी ओढ घ्यायची. "लिही गो तसंच. माननीय भरतीबाई यांना."

"आई, गप्प बस ना." पण ऋतुजाही हसली. प्रतिपुढची जागा तिने मोकळी सोडली आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं: मी गेली एकतीस वर्षे कांदळखारीच्या उघाडीवर सेवा करीत आहे. कौटुंबिक कारणास्तव येत्या नारळी पौर्णिमेपासून मला या जबाबदारीतून मुक्त करावे, ही नम्र विनंती. सेवाकाळात आपण माझ्यावर दाखवलेल्या विश्वासाबद्दल मी आपला कायम ऋणी राहीन.

"विश्वासाचं पुन्हा वाच," जनू म्हणाला. तिने वाचलं. त्याने कागदाकडे बोट केलं. "बायजावयनीच्या खाचराचं पण लिही."

"राजीनाम्यात चुका नाय लिहीत, बाबा."

"मग कशात लिहितात?"

ऋतुजाने तो कागद बाजूला ठेवला. तिने दुसरा कागद घेतला. "आता कामाचा ताबा. जो नवा माणूस येईल त्याला काय काय सांगायचं, ते बोला. मी लिहिते."

जनूने घसा साफ केला. उत्तरेच्या दाराची तिसरी फळी खाली बोटभर झिजली आहे, तिथे पेंढा आणि चिखल यांची वात करून ठासावी लागते. बांधाच्या वळणावर खेकडे बिळं करतात. बीळ नखाएवढं असतानाच टाचेने बुजवायचं, मुठीएवढं झालं की ते आतून बांधाला पोखरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात दोन्ही दारांवर एकेक फळी जास्तीची. इथवर ठीक चाललं. मग तो अडला.

"आणि उपसायची वेळ?"

"ती पाण्यावर कळते. ओहोटी लागली की दारातला आवाज बदलतो."

"कसा बदलतो?"

जनूने ओठ हलवले. हात वर केला, बोटं पसरली, पुन्हा मिटली. एकतीस वर्षांत त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आधी पाणी फळीला ढुशी देतं. मग नुसतं टेकतं. मग त्याला कंटाळा आल्यासारखं होतं. हे मनात आलं, पण लेकीला हे सांगायची त्याला लाज वाटली.

"बदलतो," तो म्हणाला. "उभं राहिलं की कळतं."

ऋतुजाने लिहिलं: वेळ अनुभवाने समजते. आणि त्याखाली एक रेघ ओढली.

*

ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाने पत्र वाचलं, कौतुकाने मान हलवली, आणि परत दिलं. उघाडी पंचायतीची नव्हती. पेणला विचारा, तो म्हणाला.

पेणला जायचं तर दोन पाण्यांच्या मधल्या सहा तासांत जाऊन यायला हवं. जनूने सकाळी फळ्या सोडल्या, धुतलेला सदरा घातला, पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरलं आणि टमटममध्ये बसला. पेणच्या सरकारी कचेरीत टेबलामागे वैशालीताई म्हणून एक बाई होत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली. ओला माणूस खुर्चीवर बसल्याने खुर्ची भिजेल म्हणून जनू उभाच राहिला.

"काका, पत्र फार छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण तुमची नेमणूक कधीची? ऑर्डर असेल ना काही?"

"बापाकडून आली."

"म्हणजे कागद?"

"नाय. बापाचा पाय घसरला त्या साली मी उतरलो पाण्यात."

त्यांनी कपाटातून एक यादी काढली, बोट फिरवत खालपर्यंत गेल्या, पुन्हा वरपासून पाहिलं. मनापासून शोधलं. मग चष्मा काढला. "काका, आमच्या नोंदीत तुम्ही नाहीच. जो माणूस कामावरच नाही, त्याचा राजीनामा मी घेऊ कसा? उद्या मला विचारतील."

"नुसता शिक्का मारून द्या. मिळाला म्हणून."

"मिळाला म्हटलं की मंजूर-नामंजूर सांगावं लागतं." त्यांनी आपल्या डब्यातला चहा झाकणात ओतून त्याच्यापुढे केला. "घ्या. भिजलात फार."

जनूने उभ्यानेच चहा घेतला. परतताना टमटम वाटेत बंद पडली. शेवटचा दीड मैल तो चिखलातून धावला. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस, एका हातात चपला, दुसऱ्या हाताने पोटाशी पिशवी. ज्या कामावर तो कधी नव्हताच, त्या कामाला उशीर होऊ नये म्हणून.

*

मग तो घरं फिरला.

हितेश ओटीवर बूट काढत होता. त्याची बायको अनिता पाणी घेऊन आली, आणि काय बोलणं निघणार हे ओळखून आत गेली.

"काका, तुम्ही सांगाल ते करीन," हितेश म्हणाला, "पण ते नका सांगू. एकदा चुकलो तर गावभर झालं. पोरं मला 'मुंबई बंदर' म्हणून हाक मारतात. आन शिफ्ट आठवड्याला बदलते. खाडी माझ्या शिफ्टला थांबणार हाय काय?"

"मी शिकवतो. आठ दिवस संगती उभा रहा."

"आठ दिवस खाडा केला तर पास काढून घेतात, काका." त्याने बूट भिंतीला टेकवून ठेवले, लेकराला झोपवावं तसे. "एक इचारू? राग नका मानू. तुम्ही नुसतं निघून गेलात तर काय व्हईल? कोण धरून ठेवलंय?"

"ऐंशी एकर पोटरीला येईल महिन्याभरात, हितेश."

"ज्यांचे ऐंशी एकर, ते बघतील ना."

पण ज्यांचे ऐंशी एकर होते, ते बघणार नव्हते. हे दोघांनाही माहीत होतं. बेचाळीस घरांपैकी तीसेक घरं आता कारखान्याच्या पगारावर जगत होती. भात पिकलं तर घरचा तांदूळ, बुडालं तर दुकानचा. उरलेली दहाबारा घरं म्हणजे बायजाबाईसारखी, जिथे खाचराशिवाय दुसरं काही नव्हतं. आणि त्या घरांत ओल्या फळीला हात घालू शकेल असं माणूस नव्हतं.

पुंडलिक डोलवीला मजूर पुरवायचा. गावात त्याचा शब्द चाले. त्याने जनूला सोफ्यावर बसवलं आणि पत्र मोठ्याने वाचून बायकोला ऐकवलं. "बघ, याला म्हणतात रीत! आमची पोरं तर न सांगता पळतात. जनूदादा, तुम्ही निवांत जा. वयनींना बघा. गाव काय मेलंय?"

"मग माणूस द्या एक."

"देऊ की. बघू. तुम्ही पौर्णिमेला सगळ्यांना बोलवा बांधावर. मानाने निरोप देऊ तुम्हाला. सगळी व्यवस्था माझी."

जनूला बरं वाटलं. त्या दिवसांत एवढं एकदाच.

शेवटी तो जमालचाचांकडे गेला. जमालचाचा ब्याऐंशी वर्षांचे, खारीच्या पंचांत उरलेले एकटे. पोरगा जुहेब कुवेतला. घरात सून आमना आणि ते. पत्र हातात घेऊन त्यांनी ते डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ धरलं, आणि न वाचताच घडी घातली.

"जनू, कागद कशाला घेऊन हिंडतोस? गोळा हाय ना आपला."

जनूने मान खाली घातली. त्याला ठाऊक होतं. म्हणूनच तर तो आधी कागदाकडे गेला होता.

उघाडी सोडायची गावाची रीत जुनी होती. पौर्णिमेच्या उधाणाला घरटी एक माणूस बांधावर जमायचा. सोडणाऱ्याने दाराच्या बुडातला चिखलाचा गोळा उजव्या हातात घेऊन उभं राहायचं आणि तीनदा विचारायचं, कोण घेतो. जो हात पुढे करील त्याच्या हातात गोळा द्यायचा. त्या क्षणापासून उघाडी त्याची. हिराजीने विचारलं तेव्हा चार हात पुढे आले होते, आणि जनूचा त्यांत सर्वांत तरुण होता. हात पुढे येईपर्यंत गोळा खाली टाकता येत नसे. खाली टाकणं म्हणजे गावाला खाडीत टाकणं.

"आणि कुणीच हात नाय केला तर, चाचा?"

"तसं कधी झालं नाय," जमालचाचा म्हणाले. आणि मग, पत्र परत देताना: "अल्ला न करो."

*

नारळी पौर्णिमेला पाणी चढलं ते बांधाच्या माथ्याखाली दीड हात उरेपर्यंत. जनूने साडेनवालाच दोन्ही दारं बंद करून जास्तीच्या फळ्याही बसवल्या होत्या. दोनच्या सुमाराला माणसं येऊ लागली. बेचाळीस घरांतून एकोणीस. पुंडलिकने प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या, शाल आणि श्रीफळ आणलं होतं, आणि फोटो काढायला एकाला उभं केलं होतं. जमालचाचांना आमनाने हाताला धरून आणलं आणि पहिल्या खुर्चीत बसवलं. बायजाबाई बायकांत मागे उभी होती.

रस्त्याच्या टोकाला रिक्षा थांबलेली. आत हौसा, मांडीवर कपड्यांचं बोचकं. ऋतुजा रिक्षाच्या दांडीला धरून बांधाकडे बघत होती. जनूचं बोचकंही आत ठेवून झालं होतं. दोन सदरे, एक धोतर, दाढीचं सामान. उद्यापासून ऋतुजाला कामावर हजर व्हायचं होतं.

जनू कमरेइतक्या पाण्यात उतरला, दाराच्या बुडाशी हात घालून चिखल उचलला आणि वर आला. काळा, गुळगुळीत, जड गोळा. त्याच्या बोटांतून पाणी ठिबकत होतं.

"आधी दोन शब्द," पुंडलिक म्हणाला.

दोन शब्दांची वीस मिनिटं झाली. जनूदादांनी एकतीस वर्षं गावाला अन्न दिलं. जनूदादा हे या खाडीचे राखणदार. नव्या पिढीने त्यांचा आदर्श घ्यावा. आणखी दोघे बोलले. हितेशलाही बोलायला लावलं. तो "काकांनी लय केलं" एवढं म्हणून बसला. मग पुंडलिकने शाल उलगडली. जनूचा उजवा हात गोळ्यात अडकलेला. शाल एका खांद्यावरून घसरू लागली, तशी त्याने ती हनुवटीने दाबून धरली. श्रीफळ त्याने डाव्या हाताने घेतलं. डाव्या हाताने नारळ घेऊ नये, हे त्याच्या मनात आलं, पण उपाय नव्हता.

"इकडं बघा दादा. जरा हसा."

फोटो झाला. टाळ्या वाजल्या. मग शांत झालं, आणि जनूने विचारलं.

"कोण घेतो?"

वाऱ्याने बांधावरचं गवत झोपलं आणि उठलं. एकोणीस माणसं होती. अडतीस हात होते. जनूने माणसांकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं. काही खिशात होते. काही पाठीमागे एकमेकांत गुंतले होते. एक मोबाईलवर होता. एक उगाचच सदऱ्याचं बटण लावत होता.

"कोण घेतो?"

"बघू ना दादा, ठरवू आपण," कोणीतरी म्हणालं. "आळीपाळीने करू."

"पहिली पाळी तुझी कर की मग," मागून बायजाबाई ओरडली. "आन हात काढ भायेर!"

थोडे हसले. बाहेर काही आलं नाही.

गोळा उबेने मऊ पडू लागला होता. जनूच्या दंडात कळ आली. तिसऱ्यांदा विचारायला त्याने तोंड उघडलं आणि त्याला वाटलं, आता आपण हे शब्द उच्चारले की त्यांच्यापलीकडे शब्द उरत नाहीत.

"कोण घेतो?"

खुर्ची करकरली. जमालचाचा उठत होते. आमनाने "अब्बा, बसा" म्हणून कोपर धरलं. त्यांनी ते सोडवून घेतलं. काठी खुर्चीला टेकवली. काठीशिवाय ते क्षणभर डुलले, सावरले, आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. कातडी सैल झालेला, साखरेच्या आजाराने बोटांची टोकं काळवंडलेला हात.

"दे जनू," ते म्हणाले. "गाव हाय अजून."

कोणी हललं नाही. एकोणीस जणांपैकी कोणीतरी आता लाजेने पुढे येईल, असं वाटण्याइतका वेळ होता. तोही गेला.

जनू त्या हातासमोर उभा राहिला. फक्त दोन बोटं उघडायची होती. रीत पुरी झाली असती. त्याला कोणी नावं ठेवली नसती. रिक्षा शंभर पावलांवर होती. आणि साडेतीनला हा म्हातारा काठी टेकत या दगडावर येऊन उभा राहिला असता, कारण त्याने हात केला होता आणि तो शब्दाचा माणूस होता. पहिल्याच फळीने त्याला आत ओढलं असतं.

"चाचा," जनू म्हणाला. तो गुडघ्यावर बसला, आणि बांधाच्या कडेला, जिथे पाण्याने माती खाल्ली होती, तिथे त्याने तो गोळा दाबून बसवला. तळव्याने थापला. नीट सारखा केला.

"मागे घेतला!" पुंडलिक म्हणाला. त्याच्या आवाजात खरी सुटका होती. "जनूदादांनी राजीनामा मागे घेतला! याला म्हणतात गावावरची माया!"

पुन्हा टाळ्या वाजल्या, मघापेक्षा जोरात. माणसांनी भराभर येऊन जनूच्या पाठीवर थाप मारली आणि नारळ खाडीत सोडायला ती पुढे गेली. हितेश थांबला. त्याने खाली घसरलेली शाल उचलली, काकाच्या खांद्यावर नीट घातली, आणि तोही गेला.

जमालचाचा मात्र उभेच होते, हात तसाच पुढे. आमनाने तो हळूच खाली घेतला.

*

"बाबा, आपण नोटीस दिली होती," ऋतुजा म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "पंधरा दिवस पुरे झाले. तुम्ही आता बांधील नाय कोणाला. बसा गाडीत."

"कुणाला सांगू हे, बाय?"

"कोणालाच नका सांगू! बसा फक्त!"

जनूने आपलं बोचकं रिक्षातून काढून घेतलं. ऋतुजा तोंड फिरवून चालकाशेजारी जाऊन बसली.

हौसाने सारं दुरून पाहिलं होतं. तिने फक्त डावा तळहात उघडला आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवू लागली. तिथी मोजत होती. एकतीस वर्षं नवऱ्याची भाकरी भरतीच्या वेळा धरून थापलेली बाई. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, आणि आपल्या खाडीला वर अर्धा तास, हे तिला पाढ्यासारखं येत होतं.

"मंगळवारी दुसरी," ती म्हणाली. "भरती दोनला. म्हणजे अकराला फळ्या सोडशील, पाचला काढशील. मधी सहा तास."

"जायला दोन. यायला दोन," जनू म्हणाला.

"दोन उरले. मशीन बाराला लागतं, चारला काढतात. तू एकला येशील, तीनला निघशील. लावताना नाय, काढताना नाय. मधी असशील." अंगठा पुढच्या पेरावर गेला. "शुक्रवारी पाचवी. सव्वाला सोडशील, सव्वातीनला पोचशील. काढताना असशील. लावताना नसशील." ती थांबली, पुन्हा मोजलं. "पुढल्या मंगळवारी नववी. लावताना असशील तेव्हा. काढताना मग नाय."

जनूने हे आधीच मोजलं होतं. बांधावर, टाळ्या वाजत असताना.

"दोन्ही कधीच नाय पडत रे," हौसा म्हणाली. तक्रार नव्हती, पेरं संपली होती, एवढंच. "लावताना सुई टोचत नाय, नळी हाय ना. पण सुरू झालं की थंडी वाजते. ती जराशी वाजते. मग जाते." तिने त्याच्या ओल्या सदऱ्याला लागलेला चिखल नखाने खरवडला, आणि डॉक्टरांचं आठवून हात झटकन मागे घेऊन पदराला पुसला. "दोन तास कमी नायत. लोकांना तेवढे पण नाय मिळत."

"येतो मंगळवारी."

"जेवून ये. तिथं काय मिळत नाय."

रिक्षा सुरू झाली. खड्ड्यांत आई हलू नये म्हणून ऋतुजा मागे येऊन तिला धरून बसली. रिक्षा मुख्य रस्त्याला लागेपर्यंत बघत उभं राहावं, असं जनूच्या मनात होतं. तेवढा रस्ता सरळ होता आणि मध्ये झाड नव्हतं. पण मागे दारातला आवाज बदलला. ढुशी कधीच थांबली होती, आता पाणी नुसतं टेकून कंटाळल्यासारखं झालं होतं. शेतात दोन दिवसांचा पाऊस साठलेला होता, आणि बायजाबाईची उसनी रोपं गळ्यापर्यंत बुडाली होती.

तो वळला. खांद्यावरची शाल काढून दगडावर ठेवावी तर दगड ओला होता. त्याने ती कमरेला घट्ट आवळून बांधली, पाण्यात उतरला, आणि उत्तरेच्या दाराच्या पहिल्या फळीखाली दोन्ही हात घातले.